वस्तू आहे, शब्द नाही

मराठीच्या अध्यापकापाशी पुष्कळदा शब्द असतो, पण वस्तू नसते. नरहरी सोनारांचा तो प्रसिद्ध अभंग घ्या, ज्यात ते स्वतःला देवाचा सोनार म्हणवून घेतात. अभंगभर सोनाराचे दुकान मांडलेले आहे. बागेसरी आहे, मूस आहे, फुंकणे आहे, हातोडा आहे, कातरी आणि ताजवा आहे. आपण वर्गात सांगतो की हे सांगरूपक आहे. देह म्हणजे बागेसरी, त्रिगुण म्हणजे मूस, विवेक म्हणजे हातोडा. विद्यार्थी लिहून घेतात. 'बागेसरी म्हणजे काय?' असे कोणी विचारलेच, तर पुस्तकातल्या टीपेत पाहून 'सोनाराची शेगडी' असे उत्तर देतो आणि पुढच्या चरणाकडे वळतो.

शेगडी हे उत्तर चूक नाही. पण ती स्वयंपाकघरातली शेगडी नव्हे. तिच्यातला विस्तव सोनाराला फुंकून फुंकून जागता ठेवावा लागतो आणि तोंडाच्या वाऱ्याने ज्योत हवी तिथे वळवावी लागते. हे एकदा डोळ्यांनी पाहिले की देहाला बागेसरी का म्हटले आहे याचा निराळाच उलगडा होतो. श्वास थांबला की विस्तव विझतो. रूपकाचा निम्मा अर्थ शब्दात आहे आणि निम्मा त्या शेगडीपुढे बसलेल्या माणसाच्या छातीत आहे. आपण शिकवतो तो पहिला निम्मा. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या श्रोत्याला दुसरा निम्मा शिकवण्याची गरजच नव्हती, कारण दुकान रस्त्यावरच होते.

याच्या नेमकी उलट अडचण मराठीच्या अध्यापकाला फारशी भेटत नाही. ती अशी, की वस्तू हातात आहे, तिचे पितळ स्वच्छ आहे, तिचे स्क्रू फिरतात, आणि तिला काय म्हणतात, ती कशासाठी आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. ही अडचण वस्तुसंग्रहालयवाल्यांची समजली जाते. पुण्यात दिनकर गंगाधर केळकर यांनी हयातभर अडकित्ते, दिवे, वज्री, दौती, कुलपे, सुऱ्या गोळा केल्या. १९७५ साली तो सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला दिला आणि आज तो अकाली गेलेल्या त्यांच्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ओळखला जातो. केळकर कवी होते, 'अज्ञातवासी' या नावाने लिहीत, हे आपले विद्यार्थी नेट-सेटच्या तयारीपुरते पाठ करतात. एका कवीला अडकित्ते का गोळा करावेसे वाटले असतील हा प्रश्न मात्र मराठी विभागात विचारला गेल्याचे मला आठवत नाही. तो आपला प्रश्न आहे असे मला वाटते. कसे, ते एका छोट्या वस्तूच्या आधारे सांगते.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थ्याने पुण्याच्या जुन्या बाजारातून एक चमत्कारिक वस्तू आणली. वीतभराहून थोडी लहान पोलादी दांडी. तिच्यावर समोरासमोर तोंड करून उभे असलेले दोन पितळी ठोकळे, दोन्ही दांडीवर मागेपुढे सरकणारे. एका ठोकळ्यात टोकदार पोलादी काडी आणि तिच्या अंगावर हरभऱ्याएवढी, खाच असलेली कप्पी. दुसऱ्या ठोकळ्यात एक फिरते वर्तुळाकार डोके आणि त्याच्या कडेवर भिंगाशिवाय दिसणार नाहीत अशा बारीक खोबण्या, एकीपेक्षा दुसरी अरुंद, प्रत्येकीशेजारी आकडा. दांडीला खालून एक चपटा पाय. विकणाऱ्याने 'घड्याळातलं काहीतरी आहे' एवढेच सांगितले होते. आमच्या स्टाफरूममध्ये तिच्यावर दोन दिवस चर्चा झाली. दंतवैद्याचे हत्यार, छापखान्यातले खिळे तपासायचे साधन, तारखात्यातला एखादा सुटा भाग, असे तर्क झाले. साहित्याचे अध्यापक तर्कात कमी पडत नाहीत. त्यांना पुरावा लागत नाही एवढेच.

पुरावा पाहणारा माणूस शेजारी निघाला. मी पिंपळे सौदागरला राहते. आज तिथे नदीकाठापर्यंत उंच सोसायट्या आहेत आणि हिंजवडीला जाणाऱ्यांची वस्ती अधिक आहे. पण त्याच सोसायट्यांत पिंपरी, आकुर्डी, भोसरीच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली मंडळीही मुलांकडे राहायला आलेली आहेत. आमच्या मजल्यावरचे काका टूलरूममधून निवृत्त झालेले. त्यांनी ती वस्तू उलटी केली आणि आधी तिचा पाय पाहिला. "मॅडम, हे हातात धरायचं नाही. पाय आहे, म्हणजे हे व्हाइसमध्ये धरतात. दोन्ही हात मोकळे हवेत, असं काम आहे." मग दोन्ही ठोकळे जवळ आणून टोके एका रेषेत येतात का ते पाहिले. "मध्ये काहीतरी फिरतं. लेथच आहे ही, पण हँडल नाही, पट्ट्याला जागा नाही." मग भिंगातून खोबण्या. त्या पाहायला सर्वांत जास्त वेळ लागला. "इथे धार लागलेली नाही, चकाकी आहे. म्हणजे हे कापायचं नाही, घासायचं आहे. आणि हे आकडे शंभरांश मिलिमीटरचे असणार. इतकी बारीक पिन घड्याळाशिवाय कुठे असते?"

काकांनी वस्तूचे नाव सांगितले नाही, कारण त्यांना ते ठाऊक नव्हते. पण नाव ठाऊक नसताना त्यांनी ती वस्तू वाचली, आणि हे वाचन मला आमच्या चर्चेपेक्षा फार वरच्या दर्जाचे वाटले. पाठचिकित्सा शिकवताना अंतर्गत पुरावा आणि बहिर्गत पुरावा असा भेद आपण फळ्यावर लिहितो. अंतर्गत पुरावा म्हणजे काय हे मला त्या संध्याकाळी दिसले. झीज कुठे झाली आहे, कुठे झालेली नाही, कोणता भाग असायला हवा होता आणि नाही, एवढ्यावरून त्यांनी वापरणाऱ्याच्या दोन्ही हातांची जागा सांगितली. समुद्रतळाशी सापडलेल्या आणि १९०१ साली वर काढलेल्या अँटिकिथेरा यंत्राचा उलगडा करताना डेरेक डी सोला प्राइस यांनीही मुख्यतः हेच केले. क्ष-किरणांच्या आधारे गंजलेल्या चक्रांचे दाते मोजले आणि त्या संख्यांमधून सूर्य-चंद्राचे गणित वाचले. त्यांचा प्रबंध १९७४ सालचा. मात्र इतके दूर जाण्याचे कारण नाही. भोसरीच्या टूलरूममध्ये ही विद्या होती आणि आहे.

काकांना एकच गोष्ट कळली नव्हती: हँडल नाही आणि पट्टा नाही, तर मधली पिन फिरायची कशी? ते चिंचवडगावातल्या एका वृद्ध घड्याळजींनी सांगितले, खरे म्हणजे सांगितलेच नाही. वस्तू त्यांच्यापुढे ठेवताच त्यांचा डावा हात हवेत वरखाली होऊ लागला, सारंगीवर गज फिरावा तसा. मग म्हणाले, "हे पिवटचं. याची कामठी कुठंय?"

कामठी म्हणजे लहान धनुष्य. कप्पीच्या खाचेला त्या धनुष्याच्या दोरीचा एक वेढा द्यायचा आणि धनुष्य वरखाली करायचे, की पिन एकदा उलटी, एकदा सुलटी फिरते. सुताराचा सामता फिरतो तो याच रीतीने. घड्याळाच्या तोलचक्राचा आस असतो; त्याच्या दोन्ही टोकांना केसाएवढी, मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी किंवा त्याहूनही बारीक टोके असतात. त्यांना इंग्रजीत पिव्हट म्हणतात आणि आपले कारागीर पिवट. नेहमीच्या चावीच्या मनगटी घड्याळात हे चक्र तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. टोकावर ओरखडा असला की तो दिवसाला इतक्या वेळा घासतो आणि घड्याळ मागे पडते. तेव्हा ते टोक योग्य मापाच्या खोबणीत निजवायचे. त्याचा निम्मा भाग खोबणीबाहेर राहतो. डाव्या हाताने कामठी ओढत उजव्या हाताने त्यावर कठीण पोलादाची गुळगुळीत पट्टी फिरवायची, दोन्ही हात एकमेकांविरुद्ध दिशेने. टोक खोबणीच्या मापाला आले की पट्टी आपोआप खोबणीच्या काठावर टेकते आणि पुढे घासले जात नाही. माप डोळ्यांनी पाहायचे नसते, ते हत्यारातच बसवलेले असते. स्विस कारागिरांत या हत्याराला जाको या आडनावाने ओळखतात आणि इंग्रजीतही ते जाको टूल म्हणूनच रूढ आहे.

नाव सापडले, प्रश्न मिटला, असे वाटायला हरकत नव्हती. पण मला अडवले ते 'कामठी' या शब्दाने. घड्याळजी सांगत होते की पितळी भाग बाहेरून येई, कामठी मात्र इथेच करायची. चांगल्या बांबूची कांब, घोड्याचा केस किंवा बारीक दोरा. म्हणजे या परदेशी हत्याराचा एक अवयव मराठी होता आणि त्याचे नावही मराठी होते. हरवला तोही नेमका तोच. ते घड्याळजींचे खोके जेव्हा भंगारात गेले असेल, तेव्हा पितळ वजनावर विकले गेले असेल आणि बांबूची काडी कोणीतरी केरात टाकली असेल. ती काडी काय आहे हे ओळखणारा माणूस त्या क्षणी तिथे नव्हता. आणि काडीवाचून पितळाचा अर्थ लागत नाही, हे आम्ही स्टाफरूममध्ये दोन दिवस सिद्ध करत होतो.

हस्तलिखितांचे असेच होते. ज्या शब्दाचा धंदा लेखनिकाला ठाऊक नाही तो शब्द नक्कल करताना बदलतो किंवा गळतो. भारदस्त तत्सम शब्द शाबूत राहतात. आमच्या हत्याराला जुन्या बाजारात कोणीतरी एक परका स्क्रूही बसवलेला होता, आटे न जुळता कसाबसा आत ढकललेला. प्रक्षेप म्हणतात तो हाच. असो.

कोशांकडे वळू. मोल्सवर्थचा कोश १८३१ सालचा, दुसरी आवृत्ती १८५७ची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघाला. दोन्हीकडे सुतारी, सोनारी शब्द उदारपणे घेतलेले आहेत. त्या पिढ्यांना कारागिराच्या दारात जायला कमीपणा वाटत नव्हता. पण हे कोश अकारविल्हे आहेत. शब्द ठाऊक असेल तर अर्थ मिळतो. हातात वस्तू असेल आणि शब्द नसेल, तर कोश मुका. वस्तूकडून शब्दाकडे नेणारी परंपरा आपल्याकडे जुनी होती. अमरकोश वर्गवार आहे. शिवकाळातला राजव्यवहारकोशही वर्गवार आहे. अमरकोशात करवत, टाकी, चांभाराची आरी ही सारी हत्यारे एकत्र सापडतात. मात्र ती सापडतात शूद्रवर्गात. हत्याराचे नाव ज्ञानाच्या व्यवस्थेत कुठे ठेवायचे याचा निर्णय त्या एका शब्दाने झालेला आहे, आणि मराठी विभागांनी तो नकळत पाळलेला आहे असे मी म्हणते. मी हे कोणावर आरोप म्हणून म्हणत नाही. आपल्या अभ्यासक्रमात ग्रामीण साहित्य आले, दलित साहित्य आले, नारायण सुर्व्यांच्या निमित्ताने गिरणी आणि कामगार आले. पण कामगाराच्या हातातल्या वस्तूचे नाव आले नाही. त्याचे दुःख आले, त्याची विद्या आली नाही.

यावर एक आक्षेप मला अपेक्षित आहे आणि तो पोकळ नाही. घड्याळजींची भाषा म्हणजे मोडके इंग्रजी. पिवट, बॅलन्स, हेअरस्प्रिंग यांत मराठी काय आहे? त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाड्या'त (१९१५) जे बलुतेदार आहेत, त्यांची भाषा गोळा करणे योग्य. घड्याळजी त्यांच्यात बसत नाही. खरे आहे. त्याला खळ्यावर वाटा नव्हता, वतन नव्हते. तो रेल्वे, कचेरी आणि गिरणीच्या भोंग्यामागून आला. १९०६च्या पहिल्या जानेवारीला देशाची प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईने आपली वेगळी, ३९ मिनिटे मागची, वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. अशा शहरात घड्याळ लावून देणे हाही एक व्यवसायच. पण म्हणून त्याची भाषा उसनी ठरत नाही. नामे उसनी आहेत, क्रियापदे नाहीत. घड्याळ पुढे जाते, मागे पडते, अडकते, बंद पडते. त्याला चावी द्यायची, त्याची कमान तुटते, त्याचे काटे मिळवायचे. चिंचवडचे घड्याळजी म्हणाले, "बॅलन्स लंगडतोय, म्हणून पिवट बघायचं." लंगडणारा बॅलन्स कुठल्याही इंग्रजी पुस्तकातून आलेला नाही. आणि 'घड्याळ' या शब्दातच घट आहे, पाण्यात बुडणारे घटिकापात्र आहे. चोवीस मिनिटांची घटका त्या भांड्याने मोजली जाई. नवी वस्तू जुन्या शब्दाने आपलीशी करण्याचा हा आपला स्वभाव आहे. पिवट घासायच्या कामठीपर्यंत तो चालत आलेला दिसतो.

परिभाषा कोशांचे काम मी कमी लेखत नाही. भाषा संचालनालयाने (स्थापना १९६०) अनेक शास्त्रांचे कोश केले, ते नसते तर पुष्कळ पाठ्यपुस्तके लिहिता आली नसती. पण ते काम इंग्रजी शब्दाकडून मराठी शब्दाकडे, टेबलावर बसून झाले. वस्तूला त्यात जागा नव्हती. समिती बसवून पिव्हटला 'कीलाग्र' असे काहीतरी म्हणता येईलही. पण घड्याळजींच्या डाव्या हाताला ते कळणार नाही.

आता घाई का, तेही सांगायला हवे. हे हत्यार मागे पडण्याची कारणे ओळीने दाखवता येतात. १९३४ मध्ये निघालेल्या इन्काब्लॉकसारख्या धक्कारोधक रचनांमुळे घड्याळ पडले तरी पिवट तुटण्याचे प्रमाण घटले. मग तयार सुटे आस मिळू लागले. घासून मापाला आणण्याऐवजी बदलणे स्वस्त पडू लागले. १९६९च्या डिसेंबरात सेइकोने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले. आपल्याकडे ते वारे टायटनने १९८७ पासून घरोघरी नेले. १९६१ साली सुरू झालेल्या एचएमटीच्या घड्याळांनी, लग्नात जावयाला दिलेल्या त्या 'जनता'ने, चावीच्या घड्याळाला आणखी काही दशके दिली. २०१६ मध्ये तोही व्यवसाय बंद करण्याचा निर्णय झाला. आज पिंपळे सौदागरात घड्याळदुरुस्ती म्हणजे मोबाइलच्या दुकानाच्या कोपऱ्यात बसून सेल आणि पट्टा बदलून देणे. ज्यांनी कामठी हाताने ओढली आहे अशी माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

माझी सूचना साधी आहे. एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी दरवर्षी 'अमुक यांच्या कादंबरीतील स्त्रीचित्रण' या साच्यातले विषय वाटले जातात. त्यांतल्या एखाद्या विद्यार्थ्याला एक धंदा द्यावा. घड्याळजी द्यावा, छपाईचा खिळे जुळारी द्यावा, पिंपरी-चिंचवडच्या टूलरूममधला फिटर द्यावा. शब्दांची यादी मागू नये. यादी मागितली की माणूस आपल्याला येईल तेवढे शुद्ध बोलू लागतो आणि काम फुकट जाते. वस्तू पुढे ठेवावी आणि ती चालवून दाखवायला सांगावे. हात चालू असताना तोंडातून जे निघेल ते, क्रियापदासकट, लिहावे. कोणता भाग बाहेरून येई आणि कोणता इथे घरी बनवला जाई, हे वेगळे विचारावे, कारण मराठी शब्द मिळण्याचा संभव दुसऱ्या भागात अधिक आहे. मोडका, लाकडी, बांबूचा, चिंधीचा असा काही तुकडा खोक्यात दिसला, तर तो सर्वांत आधी उचलावा आणि त्याचे नाव विचारावे. वर्गवार कोशाचे काम त्यातून पुढे कोणी हाती घेईल किंवा न घेईल. नोंदी तरी होतील.

माझ्या त्या विद्यार्थ्याने सुरुवात केली आहे. शेजारच्या काकांनी बांबूची एक कामठी करून दिली आहे, पण दोरीचा वेढा कप्पीवरून घसरतो. तो कसा बसवायचा हे घड्याळजींनाच विचारावे लागेल. शनिवारी ते दोघे जाणार आहेत. दुकान दुपारी एक ते चार बंद असते.